फ्लेक्सवरची सोनुबाई

चौक गावात जुन्या हायवेच्या कडेला, पंक्चरवाल्याच्या शेजारी अपेक्षाचा फोटो स्टुडिओ होता. पासपोर्ट फोटो, लग्न, बारसं, जे येईल ते काम. वडील बुधाजी ज्या कारखान्यात होते तो बंद पडल्यापासून घर तिच्याच कॅमेऱ्यावर चाललं होतं, आणि आता लोक साखरपुडेसुद्धा मोबाइलवर उरकायला लागले होते. म्हणून मुंबईच्या एका संस्थेतून श्रद्धाताईंचा फोन आला तेव्हा तिनं जास्त विचार केला नाही. गाव सोडून पोटासाठी आलेल्या शेतकरी कुटुंबांचे फोटो काढायचे होते. मुंबईत प्रदर्शन लागणार होतं.

अशी बारा कुटुंबं कर्जतच्या बाजूला, कालव्याकाठच्या एका गावाच्या गुरचरणीवर पालं टाकून राहिली होती. हिंगोलीकडची माणसं. दोन वर्षं ओळीनं सोयाबीन पाण्यात गेलं, तेव्हा घराला कुलूप लावून निघाली. इकडे कालव्याच्या पाण्यावर उन्हाळी भात होतं. पण गावातली तरणी माणसं कंपन्यांत नाहीतर फार्महाउसवर, त्यामुळं लावणीला कुणी मिळेना. ती लावणी या बारा घरांनी अंगावर घेतली होती.

जानेवारीतल्या एका सकाळी अपेक्षानं स्कुटी रस्त्यावर लावली आणि लांबूनच फोटो घ्यायला सुरुवात केली. चाळीसेक झाले असतील. तेवढ्यात चिखलातून एक बाई तरातरा तिच्याकडं आली. पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत माखलेले.

"कामून काढायलीस फोटो? इचारलंस का कोणाला?"

"संस्थेचं काम आहे, ताई," अपेक्षा चाचरली.

"दाव मला."

अपेक्षानं कॅमेरा पुढं केला. फोटोत ती बाईच होती. वाकलेली पाठ, विरलेला ब्लाउज, चिखल. चेहरा दिसतच नव्हता.

"ही तर भीक मागायलेली वाटती," बाई म्हणाली. "मी सोनुबाई. शेतकरीण हाय मी. माझी लावणीची ओळ बघ जाऊन, दोरी लावल्यावानी येती. ती न्हाई दिसली तुला? पुसून टाक हे."

अपेक्षानं तो फोटो पुसला. मग एकेक करून चाळीसही पुसले.

परत येताना तिला आई आठवली. कुंभिवलीत त्यांच्या वस्तीत एका वर्षी पाणी शिरलं होतं. येसूबाईनं, म्हणजे तिच्या आईनं, शेजारची तीन पोरं छातीभर पाण्यातून एकेक करून बाहेर काढली होती. दुसऱ्या दिवशी पेपरात आईचा फोटो आला, ओल्या लुगड्यात, केस मोकळे, खाटेवर बसलेली. खाली लिहिलं होतं, 'पूरग्रस्त महिला'. नाव नाही, काही नाही. आईनं तो पेपर चुलीत घातला होता.

दुसऱ्या दिवशी अपेक्षा कॅमेरा न घेताच गेली आणि सलवार गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उतरली. तिची ओळ अशी वाकडी आली की बायका हसून हसून खाली बसल्या. सोनुबाईनं तिच्या हातातली रोपं काढून घेतली, बोटं कशी धरायची ते दाखवलं. आठ दिवस असेच गेले. नवव्या दिवशी सोनुबाईच म्हणाली, "आण आता तुझा कॅमेरा."

अपेक्षानं प्रत्येकाला एकच विचारलं, "तुम्हाला कसं दिसायचंय?"

सोनुबाई बांधावर ताठ उभी राहिली. तिच्यामागं तिनं लावलेलं शेत, ओळीवर ओळ. तिचा नवरा रोहिदास कांद्याच्या वाफ्यात बसला, मिशीला पीळ देऊन. म्हाताऱ्या चिमाबाईनं घरून फडक्यात बांधून आणलेलं तुरीचं बियाणं तळहातावर धरलं. कालव्याचं गढूळ पाणी भरणाऱ्या बायका म्हणाल्या, हे पण काढ, हे खरं हाय. एप्रिलपर्यंत अपेक्षा येत राहिली.

फोटो पाठवले तेव्हा श्रद्धाताईंचा फोन आला. "सुंदर आहेत गं. पण यात हाल कुठे दिसतात? एखादी रडणारी बाई असती तर..."

"हाल आहेत, ताई. पालं आहेत, गढूळ पाणी आहे. पण रडका चेहरा मी शोधणार नाही. आणि प्रत्येक फोटोखाली नाव हवं. नसेल जमत तर राहू दे."

"विचारून सांगते," म्हणून फोन बंद झाला. काम गेलं, असं अपेक्षानं गृहीत धरलं.

त्याच आठवड्यात गावात कुणाची तरी पाण्याची मोटर चोरीला गेली. पुरावा काही नव्हता, पण बोटं पालांकडं वळली. एक मेच्या ग्रामसभेत पालं उठवायचा विषय घ्यायचा ठरला. अपेक्षाला हे सोनुबाईकडून कळलं. ती तडक शिळफाट्याला गेली, वाढदिवसाचे बॅनर छापणाऱ्या दुकानात, आणि बारा फ्लेक्स छापून घेतले. प्रत्येकावर माणूस, त्याचं नाव, त्याचं गाव आणि त्यानं कुणाचं शेत लावलं ते.

एक मेला झेंडावंदन होऊन माणसं ग्रामसभेला वळली, तर शाळेच्या कुंपणाला बारा फ्लेक्स.

"आरं, ह्ये तर माजं खाचर!" म्हातारे धाकलूबाबा ओरडले. पाठोपाठ जो तो आपलं शेत शोधायला लागला.

सभा सुरू झाली. येसाजी पाटील उठले. "भायेरची मानसं हायेत. आज मोटर गेली, उद्या काय जाईल? पालं उठवा."

सोनुबाई मागं उभी होती. ती पुढं आली. "आमची पालं झाडून बघा. आत्ता बघा, सगळ्यांदेखत. न्हाई घावली मोटर तर पुन्यांदा चोर म्हनायचं न्हाई. बाहेरचे म्हनता, तर ह्या भाताला काय म्हनता?"

झडती घ्यायला कुणी निघालं नाही. मग धाकलूबाबा काठी टेकत उठले. "येसाजी, तुज्या शेतात कोनी लावनी केली रं? ती बघ, तितं तुजं नाव लिवलंय. आमची पोरं कंपनीत. ही मानसं नसती तर यंदा शेत वसाड पडलं असतं. आनि आमी त्यांना कालव्याचं पानी पाजतो. लाज वाटली पायजे आमाला."

येसाजी पाटलांनी कुंपणाकडं पाहिलं. फ्लेक्सवरचं आपलं नाव वाचलं. मग म्हणाले, "माजा इषय मी मागं घेतो. त्यांना नळ द्यायचा घ्या."

सगळे हात वर झाले. पालं राहतील, दर साली येतील, आणि गुरचरणीवर नळ बसेल. टाळ्या वाजायला लागल्या तेव्हा रोहिदासनं टोपी काढून डोळे पुसले आणि अपेक्षाला दम भरला, "ह्याचा फोटो काढायचा न्हाई बरं का!"

सभेचा कुणीतरी काढलेला व्हिडिओ फिरत फिरत श्रद्धाताईंपर्यंत पोचला. प्रदर्शन लागलं, आहेत तेच फोटो, खाली नावं. उद्घाटनाला सोनुबाई गेली, हिरवं इरकल नेसून. पाहुण्यांना ती स्वतः फोटोपुढं नेत होती आणि भाताची ओळ सरळ कशी ठेवायची ते हातवारे करून समजावत होती.

तिथून परतल्यावर आठवड्याच्या आत नळ आला. पहिला हंडा कुणाचा यावर बायकांचं भांडण जुंपलं. शेवटी चिमाबाईचा हंडा पुढं झाला. म्हातारीनं ओंजळ भरून घेतली, थोडं पाणी प्याली, आणि उरलेलं सगळ्यांच्या अंगावर उडवून दिलं.