अर्जाला जोडलेलं घर

आमच्या बाबांना वाईट फोटो काढता येत नाही. हे कौतुक नाही, तक्रार आहे. या एका गुणापायी माझं कॉलेज हातचं जायची वेळ आली होती, आणि तेव्हा मी घरात जो आवाज चढवला तो वरच्या मजल्यावरच्या घरमालकांनीही ऐकला असणार.

बाबांचा फोटो स्टुडिओ आहे. रस्त्याकडची खोली स्टुडिओची, तिच्यामागच्या दोन खोल्या आमच्या. मधलं दार गिऱ्हाईक आलं की बंद. आम्हाला बाहेर पडायचं असेल तर मागच्या बोळातून वळसा घालून जायचं, मग आईला दवाखान्यात कितीही उशीर होत असो. स्टुडिओत आरसा लखलखीत, खुर्ची नक्षीदार, आणि आतलं घर मात्र कुणाच्या नजरेला पडता कामा नये, असा बाबांचा कायदा.

हल्ली ज्याच्या त्याच्या खिशात कॅमेरा असल्यामुळे येतात ते बहुतेक पासपोर्टच्या फोटोसाठी, नाहीतर वर्षातून एकदा सगळ्या कुटुंबाला ओढून आणणारे एखादे आजोबा. माणूस खुर्चीत बसला की बाबा म्हणतात, "हनुवटी जरा खाली, नजर वर," आणि दिवा त्याच्या समोर आणून ठेवतात. मला त्यांनी लहानपणीच शिकवून ठेवलंय: दिवा समोरून मारला की सुरकुत्या, खड्डे, डाग सगळं झाकलं जातं, बाजूने मारला की तेच उठून दिसतं. म्हणून बाजूचा दिवा आमच्याकडे कायमचा कोपऱ्यात, फडक्याखाली. लोक आपला फोटो हातात घेतात आणि विचारतात, "मी असा दिसतो?" त्या दिवशी बाबा दोन घास जास्त जेवतात. त्यांची खरी कमाई हीच. दुसरी फारशी नाही, आणि आई दवाखान्यात नावं नोंदवायच्या खिडकीत बसते म्हणून घर चालतं.

मला भूशास्त्राला प्रवेश मिळाला. दगड, माती, डोंगर कसे झाले याचं शास्त्र. बाबांना वाटलं होतं मी निदान बोलणारं काहीतरी निवडीन. "दगडाचे फोटोसुद्धा चांगले येत नाहीत," एवढंच ते म्हणाले, पण कॉलेजात जाऊन फीची चौकशी तेच करून आले आणि येताना चेहरा उतरवून आले. फी आमच्या आवाक्याबाहेर होती. कॉलेजकडूनच गरजू विद्यार्थ्यांना मदत मिळते असं कळलं, त्याचा अर्ज आणला. मदत मिळाली तर प्रवेश पक्का, नाही मिळाली तर महिनाअखेरीस जागा यादीतल्या पुढच्या मुलीला. इतकं सरळ होतं ते.

अर्ज आईने भरला. दिवसभर दुसऱ्यांची नावं, वयं आणि पत्ते लिहिणारी बाई ती. तिच्या हातून एक रकाना चुकेल तर शपथ. दाखले लावले, सह्या झाल्या, प्रती झाल्या. शेवटच्या पानावर लिहिलं होतं: घराचा बाहेरून एक फोटो, आतून एक, कुटुंबासह. आई म्हणाली, हे तुमचं खातं, आणि कागद बाबांपुढे सरकवला. इथेच माशी शिंकली.

बाबा तीन दिवस या दोन फोटोंच्या मागे होते. बाहेरचा फोटो त्यांनी संध्याकाळच्या सोनेरी उन्हात, रस्त्यावर जवळजवळ आडवं पडून काढला. त्यामुळे घरमालकांचा वरचा मजला, त्यांची गच्ची आणि कुंड्यासुद्धा आमच्याच वाटायला लागल्या. आतल्या फोटोसाठी स्टुडिओतल्या दोन नक्षीदार खुर्च्या आत आल्या, फुलदाणी आली, पुठ्ठ्याची जाडजूड पुस्तकं आली. राहता राहिली आतल्या खोलीची मागची भिंत. ती ओल धरलेली, पोपडे सुटलेली. तिच्यावर त्यांनी तळ्याचा पडदा टांगला. हा पडदा म्हणजे निळंशार तळं आणि मागे डोंगर, आणि त्याच्यापुढे उभी करायची लाकडी खिडकीची चौकट. त्यांच्याकडे ही चौकट पूर्वीपासून आहे; तिच्यापुढे बसून निम्म्या गावाने फोटो काढलेत.

फसवायचं त्यांच्या मनातही नव्हतं, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. फोटो द्यायचा तर नीट द्यायचा, एवढंच त्यांना कळतं. आणि खरं सांगायचं तर मीही मूग गिळून गप्प बसले. तो फोटो हातात आला तेव्हा आई, बाबा आणि मी असे काही दिसत होतो, की मी तो रात्री उशाशी घेऊन झोपले आणि सकाळी स्वतःच्या हाताने अर्जाला चिकटवला.

बारा दिवसांनी पत्र आलं. कॉलेजच्या मदत समितीने कळवलं होतं, की जोडलेल्या फोटोंतलं अर्जदाराचं दुमजली घर, प्रशस्त दिवाणखाना आणि तळ्याकडे उघडणारी खिडकी लक्षात घेता मदतीची आवश्यकता दिसत नाही.

आईने पत्र दोनदा वाचलं आणि खुर्चीवर बसली. बाबा आधी हसले. तळं समितीलाही खरं वाटलं, याचा क्षणभर त्यांना आनंदच झाला असावा. मग माझ्याकडे बघितलं आणि हसू मावळलं.

मी तशीच उठून कॉलेजच्या मदत विभागात गेले. खिडकीत दोरीचा चष्मा लावलेल्या एक बाई होत्या. त्यांना सगळं सांगितलं: बाबा फोटोग्राफर आहेत, खिडकी लाकडाची आहे, तळं कापडाचं आहे. बाईंनी चष्मा वर केला, माझी फाईल काढली, फोटो पाहिला आणि बराच वेळ ओठ घट्ट दाबून बसल्या. मला आधी वाटलं रागावल्यात. त्या हसू आवरत होत्या. समितीतल्या एक बाई विचारत होत्या, हे तळं नेमकं कुठे आलं, फिरायला जाता येईल का, असं त्यांनी सांगितलं. मग गंभीर होऊन म्हणाल्या, "शुक्रवारी पुन्हा बैठक आहे. त्याच्या आत नवे फोटो आण. जसं आहे तसं. सजवायचं नाही."

शुक्रवारला चार दिवस होते. मला वाटलं, यात काय अवघड आहे? वाईट फोटो कुणालाही काढता येतो.

बाबांना नाही. पहिल्या दिवशी त्यांनी भर दुपारी, दिवा न लावता आतल्या खोलीचा फोटो काढला. फुटक्या तावदानातून नेमकी उन्हाची एक तिरीप आली, घागरीवर पडली, आणि आमचं स्वयंपाकघर भिंतीवर चौकटीत लावावं असं दिसलं. दुसऱ्या दिवशी गळक्या नळाखालची बादली घेतली. ती बादली अशी ऐटीत बसली होती, की विकायला ठेवली तर कुणी दाम मोजून नेली असती. आई म्हणाली, बाहेरचा फोटो मी बोळातून माझ्या फोनवर काढते. तिने काढायला घेतलं तर बाबा मागून सांगायला लागले, "जरा डावीकडे हो, ती तार येतेय." तार येऊ दे, असं आईने दात ओठ खाऊन सांगितलं.

तिसऱ्या दिवशी मी फोन हिसकावून घेतला. दोघांना त्या मागच्या भिंतीपुढे उभं केलं. पडदा काढलेला, पोपडे उघडे, ओलीचा डाग छतापासून कमरेपर्यंत. फोटो काढला आणि बघते तर बाबा डागाच्या बरोबर पुढे उभे, हात पसरून. मी त्यांना सरकायला सांगितलं. ते सरकले. पुढच्या फोटोत पुन्हा तिथेच. तिसऱ्यातही तिथेच. माझ्या नाकावर राग तसा नेहमीच असतो, त्या दिवशी तो डोक्यात गेला. मी ओरडले, की तुम्हाला मी कॉलेजला जायला नकोय का. एका डागासाठी माझं सगळं आयुष्य झाकून टाकणार आहात का.

बाबांनी पसरलेले हात खाली घेतले. मग म्हणाले, "ही भिंत मी दरवर्षी नीट करायची म्हणतो. तू पाळण्यात होतीस तेव्हापासून. तिचा फोटो द्यायचा म्हणजे मी तुमच्यासाठी जे केलं नाही त्याचा फोटो द्यायचा. परक्या माणसांच्या हातात."

माझा सगळा राग निघून गेला. मला रडू येत होतं, आणि रडणं मला अजिबात जमत नाही, म्हणून मी भिंतीकडे वळले. तिथे, माझ्या कमरेच्या जरा खाली, माझ्या नखांनी लहानपणी उकरलेला खड्डा होता. त्याच्यावरून मी बाबांचा मार खाल्लेला होता.

"बाबा, तुम्हाला माहितीय का मी हे का उकरायचे?" मी विचारलं. त्यांना माहीत नव्हतं. मी त्यांचं बोट धरून त्या खड्ड्याच्या कडेवर ठेवलं. वर आपला पांढरा रंग. त्याच्याखाली पिवळा, आपण राहायला आलो त्याच्या आधीच्या भाडेकरूंचा. त्याच्याखाली हिरवा. मग गुलाबी, तो फक्त या एका कोपऱ्यात, कुणीतरी हौसेने सुरू करून सोडून दिलेला. आणि सगळ्यात आत निळा. जो खाली तो जुना. मी सहा वर्षांची असताना हे माझं मला कळलं होतं, या भिंतीपुढे बसून, आणि दहावीच्या पुस्तकात डोंगराच्या थरांचं चित्र पाहिलं तेव्हा मी मनात म्हटलं होतं, हे तर आमच्या घरी आहे. कॉलेजच्या मुलाखतीतसुद्धा मी हेच सांगितलं होतं. घरी कधी सांगितलं नव्हतं, कारण घरी भिंतीचा विषय काढायचा नसतो.

बाबांनी चष्मा पुसला. पुन्हा त्या खड्ड्याकडे वाकून पाहिलं, मग थेट नाक लावून. "पाच आहेत," ते म्हणाले. मी म्हटलं, गिलावा धरला तर सहा.

ते स्टुडिओत गेले. परत आले ते बाजूचा दिवा घेऊन. त्याच्यावरचं फडकं अजून तसंच होतं. ते काढल्यावर आम्ही तिघंही शिंकलो. दिवा त्यांनी भिंतीच्या अगदी लगत, एका अंगाला उभा केला आणि लावला.

भिंतीवरचा एकूण एक पोपडा उभा राहिला. ओलीचा डाग, त्याच्या कडा, सुटलेले रंग, माझा खड्डा, सगळं. आईला मी जवळ उभं केलं, स्वतः शेजारी उभी राहिले. बाबांनी कॅमेरा तिपाईवर लावला, आपोआप फोटो काढणारं त्याचं घड्याळ चालू केलं आणि धावत येऊन आमच्यात उभे राहिले, या खेपेला डागाच्या पलीकडे. हनुवटीबद्दल ते काहीही बोलले नाहीत.

गुरुवारी मी आईचा बोळातला फोटो आणि हा भिंतीचा फोटो खिडकीतल्या बाईंना दिले. त्यांनी भिंतीचा फोटो पाहिला, मग तळ्याचा पहिला फोटो काढून शेजारी ठेवला आणि विचारलं, की हे दोन्ही एकाच माणसाने काढलेत का. मी हो म्हटलं. त्यांनी विचारलं, हा खड्डा कसला. मी सांगायला लागले, आणि पाच रंगांपर्यंत पोचले तेव्हा माझ्यामागे रांग लागली होती आणि रांगेतल्या दोघी-तिघी माना पुढे करून ऐकत होत्या.

शुक्रवारी दुपारी फोन आला. मदत मंजूर झाली, पूर्ण फीची. आईने ते ऐकलं. ती उठली आणि तिने उगाचच घागर घासायला घेतली. बाबा स्टुडिओत एका गिऱ्हाइकाचा फोटो काढत होते. मी बोळातून न जाता मधलं दार सरळ उघडलं आणि खुर्चीतल्या माणसासमोरच सांगून टाकलं. बाबांचा हात हलला. त्या माणसाचा फोटो जरासा अस्पष्ट आला; बाबांच्या हातून आलेला मला माहीत असलेला तो एकमेव वाईट फोटो.

मी कॉलेजला गेले. पहिल्या सुटीत घरी आले तेव्हा स्टुडिओच्या काचेमागे, ऐटीत बसलेल्या आजोबांच्या आणि गुटगुटीत बाळांच्या मधोमध, मोठा करून लावलेला आमचा भिंतीचा फोटो होता. आत खुर्ची रिकामी. मधलं दार सताड उघडं.

आतल्या खोलीत पासपोर्टच्या फोटोसाठी आलेला कुणी एक अनोळखी माणूस भिंतीपुढे वाकून उभा होता. आई चुलीपाशी कपाळाला आठ्या घालून भाजी ढवळत होती. बाबांच्या हातात बाजूचा दिवा होता.

"हा निळा सगळ्यात जुना," ते त्या माणसाला सांगत होते. "जो खाली तो जुना. हे आमच्या मुलीने शोधून काढलंय."