कुंकवाचं बोट

"काका, काड्यापेटी आधी इकडे द्या," दप्तरखान्याच्या दारातच विमलबाईंनी हात पुढे केला. "आणि तो करंडाही. आत काही न्यायचं नाही."

त्र्यंबकराव टिपणिसांनी काड्यापेटी निमूटपणे दिली. करंडा दिला नाही. पितळेचा तो करंडा त्यांच्या बायकोचा, अनसूयाबाईंचा होता, आणि रोह्याहून पेणपर्यंत एस.टी.त त्यांनी तो मांडीवर धरून आणला होता.

"निरांजन नाही लावत," ते म्हणाले. "वह्यांना नुसतं हळदकुंकू वाहतो आणि निघतो. लक्ष्मीपूजनाला तुमचं बंद, म्हणून आज आलो."

"पण काका, यंदा तुमच्याकडे सण नसेल ना? काकूंना जाऊन अजून वर्ष कुठे झालंय?"

"घरी काहीच नाही. कंदीलसुद्धा नाही."

"मग वह्यांची पूजा कशी चालेल?"

"वह्या कुठे आमच्या घरी आहेत? मागच्या खेपेला तुम्हीच ऐकवलंत, आता त्या दप्तरखान्याच्या झाल्या. मग त्यांनी का म्हणून दिवाळी चुकवायची?"

विमलबाईंना हसू आलं. वकिली करायची सोडून हा माणूस भाताच्या कोंड्यात का राहिला, असं त्यांना वाटलं असावं.

रामवाडीतल्या त्या दप्तरखान्यात गावोगावचे जुने कागद जपून ठेवत. घराण्यांचा पत्रव्यवहार, वाटणीपत्रं, दुकानांच्या वह्या. टिपणिसांची रोह्याची भातगिरणी बंद पडली, मुलगा शरद धाटावच्या कंपनीत लागला, गिरणीची जागाही गेली. राहिल्या त्या लाल फडक्यात बांधलेल्या वह्या. रद्दीत जाण्यापेक्षा बऱ्या, म्हणून त्र्यंबकरावांनी स्वतःच त्या टेम्पोत घालून इथे आणल्या. आभाराचं पत्र मिळालं, तेव्हा स्वारी इतकी खूष झाली की त्यांनी ते चौकट करून भिंतीला लावलं. अनसूयाबाईंनी ते पाहिलं आणि एवढंच विचारलं, "आता लक्ष्मीपूजनाला पुजायचं काय?"

"शरदचं पासबुक पुजू," त्र्यंबकराव म्हणाले होते.

त्या हसल्या नव्हत्या. आणि यंदा गौरी गेल्या, त्याच आठवड्यात त्याही गेल्या.

"बघून घ्या हवं तर," विमलबाई म्हणाल्या. "करंडा ठेवा हातात. पण वाहायचं काही नाही. हळदकुंकवाने कागद खराब होतो, अक्षतांना कीड लागते."

आतल्या टेबलाशी शकू बसली होती. पेणजवळच्याच एका खेड्यातून ती रोज यायची आणि जुने कागद झाडून, पुसून, फाटल्या ठिकाणी पातळ कागद चिकटवायची. तिने टिपणिसांच्या वह्या आणून ठेवल्या. त्र्यंबकरावांनी वरची उघडली. पहिल्या पानावर त्यांच्याच हातचा श्री, ठसठशीत. श्रीखाली मात्र मोकळा कागद होता, त्यावर फिकट गुलाबी डाग.

त्यांनी दुसरी वही उघडली. मग तिसरी. सगळीकडे तेच.

खरं सांगायचं तर पूजा हे निमित्त होतं. गिरणीत नवी वही आली की श्री ते काढायचे आणि हळदकुंकवाचं बोट अनसूयाबाई लावायच्या. तेही असं दाबून, की कुंकू खालच्या पानात उतरायचं. "अगं, वही आहे, उंबरठा नाही," असं ते दर दिवाळीला म्हणायचे, आणि त्या दर दिवाळीला तेवढंच दाबायच्या. फोटो काढून घ्यायचं अनसूयाबाईंच्या जिवावर यायचं. लिहिण्याचा तर प्रश्नच नव्हता. त्यांची काही खूण सापडते का म्हणून घर धुंडाळून झाल्यावर त्र्यंबकरावांना एकदम आठवलं होतं, की बायकोचं बोट तेवढं वह्यांत आहे. ते बोट बघायला ते आले होते.

"शकू," त्यांनी हळूच विचारलं, "इथलं कुंकू काय झालं?"

"बरशानं झाडलं, काका. तांदूळ चिकटले व्हते, त्यांना पोरकिडं लागलं व्हतं. कागदाची पार चाळण झाली असती."

"मग टाकलंस कुठं?"

"टाकीन कशी? पूजेचं कुंकू केरात टाकतात काय?" शकूला ते लागलं. "पुडी बांधून ठेवलेली. गौरी निघाल्या तवा भोगावतीत सोडली. कोणाच्या पायाखाली नाय जाऊ दिली."

त्र्यंबकरावांनी मान हलवली. तिच्यावर रागावायला जागाच नव्हती. अनसूयाबाईंनीही हेच केलं असतं.

त्यांचा चेहरा बघून शकू उठली. "एक वही ऱ्हायलीय. शेवटची. ती उद्या घेणार व्हते."

तिने ती त्यांच्यापुढे उघडून ठेवली. श्रीखाली लालभडक बोट होतं, दाबलेलं, कडेला जरा घसरलेलं. शेजारी हळदीचं. वर अक्षता. गिरणीची ती शेवटची दिवाळी, आणि अनसूयाबाईंनी काही राखून ठेवलं नव्हतं. त्र्यंबकराव बघत राहिले. त्यांना अनसूयाबाई इतक्या हव्याशा झाल्या की ते पानावर आणखी वाकले.

विमलबाईही येऊन मागे उभ्या राहिल्या होत्या. "शकू," त्या म्हणाल्या, "ही वही राहू दे अशीच."

त्र्यंबकरावांनी चष्मा पुसून पुन्हा वाकून पाहिलं. एका तांदळाला भोक पडलं होतं. त्याच्या बाजूला बारीक पीठ साचलं होतं. सगळा जन्म भातात गेलेल्या माणसाला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही.

"नको," ते म्हणाले. "एका पोत्याला कीड लागली की शेजारचंही जातं. बाकीच्या वह्या काय मग? झाडायला हवं." मग म्हणाले, "मी झाडू?"

शकूने विमलबाईंकडे पाहिलं आणि ब्रश त्यांच्या हातात दिला. करंड्याचं झाकण काढून त्यांनी तो पानाच्या कडेला धरला. ब्रश अगदी हलका फिरवला. अक्षता आत पडल्या, मग हळद, मग कुंकू. कागदावर फिकट गुलाबी बोट उरलं. ब्रशाला लागलेलं कुंकू त्यांनी बोटावर घेतलं.

"वाहायचं नाही म्हणालात," त्यांनी विमलबाईंना विचारलं. "कपाळाला लावलं तर चालेल?"

"लावा, काका."

परतीच्या गाडीत वडखळला कंडक्टर जवळ आला. काळुराम रोह्याचाच होता. त्याने कपाळाकडे पाहिलं.

"पूजा व्हती काय, काका?"

"हो. गिरणीची."

"गिरणी कदीच बंद झाली ना?"

"झाली. हिची पूजा राहिली होती."

काळुरामला काही कळलं नाही. त्याने तिकीट फाडून दिलं. वडखळच्या पुढे रस्ता खड्ड्यांचा होता. त्र्यंबकरावांनी करंड्याच्या झाकणावर तळहात ठेवला, आणि रोहा येईपर्यंत उचलला नाही.