सदुसष्ट सालचा अंक

मुलांनो, जरा माझ्याबरोबर कल्पना करा. तुमच्या शाळेचा एक वार्षिक अंक निघतो. छापखाना नाही, काही नाही. मोठी मुलं सगळा मजकूर हाताने लिहितात, धाकटी चित्रं रंगवतात आणि जाड कागद दोऱ्याने शिवतात. प्रत एकच. ती आज एका घरी मुक्काम करते, उद्या शेजारच्या घरी जाते आणि असं करत करत सगळं गाव फिरून येते. कुठे नोंद नाही की सही नाही. ‘मी त्याला दिला’ एवढ्या शब्दावर सगळं चालतं.

उभं राहिलं डोळ्यांपुढे? आता ती शाळा पाण्याखाली घाला. शाळा, गाव, जर्दाळूच्या बागा, सगळंच.

किर्गिझ डोंगरांतल्या त्या गावाचं असंच झालं. खाली धरण झालं आणि माणसं वर माळावर राहायला आली. शाळेच्या अंकाचं नाव होतं ‘बुलाक’, म्हणजे झरा. निघायच्या आधी मुख्याध्यापकांनी सोळा अंक सोळा घरांत वाटून दिले. ‘जिवापाड सांभाळा,’ एवढंच बोलले.

ही पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट. येत्या रविवारी मात्र ते अंक साऱ्या जगाला वाचायला मिळणार होते. वरच्या शाळेतल्या सादात बाईंनी संकेतस्थळ तयार केलं होतं आणि पानांचे फोटो काढून नावं टंकायचं काम अकरा वर्षांच्या जिपारकडे दिलं होतं. सादात बाईंना सगळी मुलं ‘एजे’, म्हणजे ताई म्हणत.

शुक्रवारी सकाळपासून वारा नुसता थैमान घालत होता. पत्रे वाजत होते, दार एकसारखं आपटत होतं. जिपारलाही एका जागी बसवेना. पंधरा अंकांचे फोटो झाले होते. यादीत एकच ओळ उरली होती. साल सदुसष्ट. पुढचा रकाना होता, ‘कोणाच्या घरी’.

“एजे, इथे काय लिहू?” तिने घरूनच फोनवर विचारलं.

“काय लिहिणार? सगळ्या गावाला ठाऊक आहे. लिही, कलमात यांच्या घरी हरवला. आणि संध्याकाळपर्यंत पाठव गं बाई. मोकळा रकाना मला चालायचा नाही, भोक पडल्यासारखं दिसतं.”

कलमात कधीच वारले होते. त्यांची बायको बुरुल आपा समोरच्या घरात एकटी राहायची. गावात कोणी कोणाला सुई जरी दिली, तरी एक थट्टा ठरलेली असे, ‘बुरुलकडे नको देऊस हं, परत यायची नाही!’ जिपारनेही ती कितीदा केली होती. त्या अंकात बुरुल आपानं पंधराव्या वर्षी लिहिलेला लेख होता. म्हणून तो तिनेच दडवून ठेवला, असं लोक म्हणत.

जिपारने ओळ टंकली. आजोबा खांद्यावरून डोकावत होतेच. शरशेन आजोबा. सकाळपासून त्यांची ही सहावी फेरी.

“काय लिहिलंस?”

तिने वाचून दाखवलं.

“पूस ते. रिकामं ठेव.”

“एजे रागावतील.”

“रागावू दे. कालची पोर ती.” आजोबा बाहेर गेले. वाडगाभर चहाही पिऊन होत नाही तोच परत आले. “पुसलंस?”

“आजोबा, तुम्ही बसा बरं! तुमच्यापेक्षा तो वारा बरा, तो निदान प्रश्न विचारत नाही.”

एवढ्यात दार ढकलून बुरुल आपाच आत आली. डोक्याचा रुमाल सुटलेला, हात धुळीने माखलेले.

“पोरी, रविवारपर्यंत वेळ आहे ना गं? संदूक दोनदा उपसली. आता गाद्या-रजया उसवून बघते. कलमातनं कुठे शिवून ठेवला असला तर? काही काही वस्तू जपायची त्याला खोड होती.”

“आपा, रजया उसवणार? हिवाळा तोंडावर आलाय,” जिपार म्हणाली.

“येऊ दे. माझी नातवंडं शहरात असतात, ती फोनवर हे वाचतील. आजोबांच्या नावापुढे ‘हरवला’ वाचतील.” मग ती आजोबांकडे वळली. “शरशेन, तू त्याच्या हातात दिलास तेव्हा त्यानं कशात गुंडाळला होता, आठवतं का रे? कापडात की कातड्यात?”

आजोबांनी टोपी काढली, परत घातली. “इतक्या वर्षांचं कोणाला आठवतंय, बुरुल?”

ती गेली. वाऱ्याने तिच्या मागे दार धाडकन लावलं.

जिपार आजोबांकडे बघत राहिली. बर्फात हरवलेल्या मेंढ्यांच्या कानांवरच्या खुणासुद्धा आजोबांना पाठ होत्या. कोणत्या वर्षी कोणती घोडी व्याली हे ते झोपेत सांगत. आणि हे आठवत नाही?

“आजोबा, तुम्ही कलमात आजोबांना तो दिला होता ना?”

अंगणात जाऊन आजोबांनी कुंपणाची एक काठी उपटली आणि पुन्हा तिथेच ठोकली. जिपार मागे उभी.

“आजोबा.”

“नव्हता दिला,” ते काठीकडे बघत म्हणाले.

मग एकदम बांध फुटल्यासारखं सगळं बाहेर आलं. वर आले तो पहिला हिवाळा. घर नवं, खिडक्यांची लाकडं ओली. ती वाळली आणि फटी बोट जाईल एवढ्या रुंदावल्या. दर हिवाळ्यात सगळेच फटींवर पिठाच्या खळीने कागदाच्या पट्ट्या चिकटवत आणि वसंतात ओढून फेकून देत. त्या वर्षी गावातली वर्तमानपत्रं संपली होती.

“तुझा बाप चाळीस दिवसांचा होता. खोकून खोकून निळा पडायचा. घरात जाड कागद म्हणून माझ्या वाट्याला आलेला तो अंक एवढाच. मी कात्री घेतली. एक पान कापू म्हटलं. मग दुसरं. सकाळपर्यंत नुसता पुठ्ठा उरला.”

“आणि वसंतात?”

“पट्ट्या भिजून कुजल्या होत्या. चुलीत घातल्या. पुढे मुख्याध्यापकांनी विचारलं, अंक कुठेय? कलमात नुकताच घोड्यावरून पडून वारला होता. माझ्या तोंडातून निघून गेलं, कलमातला वाचायला दिला होता. मेलेला माणूस काय नाही म्हणणार होता? वाटलं, चार दिवसांत लोक विसरतील.” त्यांनी नाक पुसलं. “लोक विसरले नाहीत. थट्टा करायला लागले. मग तोंड उघडणं दर वर्षी जास्त जास्त अवघड झालं.”

जिपारला आठवलं, ती थट्टा आपणही केली होती, मागच्याच आठवड्यात. बुरुल आपाच्या तोंडावर.

“तिचा लेखही गेला?”

“लिहिलेली बाजू मी आतून ठेवली होती, बाहेरून कोणाला दिसायला नको म्हणून. बाळाला घेऊन रात्र रात्र बसायचो, समोर त्या पट्ट्या. अर्ध्या अर्ध्या ओळी. अजून पाठ आहेत.” आणि ते हलक्या आवाजात म्हणाले, “‘ओढा ओलांडताना मी चपला दातांत धरते...’ पुढे कापलेलं. ‘...बाई हसल्या नाहीत, त्यांनी मला त्यांचे मोजे...’ पुढे कापलेलं.”

जिपार धावत आत गेली आणि फोन घेऊन आली. यादीतली ओळ तिने पुसून टाकली.

“काय लिहितेस?” आजोबा घाबरले. “जिपार, तुझ्या बापाला काय वाटेल? गाव काय म्हणेल? थोडे दिवस थांब. मी मेल्यावर लिही हवं तर.”

“म्हणजे पुन्हा मेलेल्या माणसाच्या नावावर?”

समोरच्या घरातून कापड टराटरा फाटल्याचा आवाज आला. बुरुल आपाने रजया उसवायला सुरुवात केली होती. उघड्या दारातून लोकरीचे पुंजके वाऱ्यावर उडत रस्त्यावर येत होते.

जिपारला वाटलं, आपणच पळत जाऊन सांगावं. मग वाटलं, नको, हे आपण सांगण्यासारखं नाही. पाय मात्र थांबेनात. ती फाटकापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली.

“मी काय तोंडाने सांगू तिला?” आजोबा म्हणाले.

“त्या दोन ओळी म्हणा आधी. पुढचं येईल.”

“तू जा पुढे. मी येतो.”

“तुम्ही यायचे नाहीत.”

“खरंच येतो गं.”

जिपारने फोन खिशात टाकला. रकाना अजून कोराच होता. तिने आजोबांची बाही दोन्ही हातांनी घट्ट धरली, फाटक पायाने ढकललं आणि उडत्या लोकरीतून त्यांना ओढत समोरच्या दारापर्यंत नेलं. दार वाजवलं तेव्हाही तिने बाही सोडली नाही.