भाताची आणि लोखंडाची शाई

परवा मारेगावच्या मंदिरात कीर्तन, आणि आज जयाच्या मृदंगाची शाई पहिल्याच थापेला पापुद्र्यासारखी निघून हातात आली.

शाई म्हणजे मृदंगाच्या तोंडावरचा काळा गोल. मऊ भात आणि लोखंडाची भुकटी एकजीव घोटायची नि थरावर थर चढवायचा. नुसतं चामडं बद्द वाजतं; हा गोल बसला की सूर लागतो. गावातले शाई भरून देणारे मामा वारले, तेव्हापासून जया स्वतःच त्यात हात बसवत होती.

"काय वं सूनबाई," भजनी मंडळाचे नागोराव ओट्यावरूनच म्हणाले, "मृदंग वाजवून राह्यली का कांदे सोलून राह्यली?"

"हसा काका. परवा वाजवीनच."

"उद्या सांजेपर्यंत वाट पाहतो. नाहीतर तालाची मशीन मागवतो. महाराजांपुढं फजिती नको."

जयाला ते लागलं. मशीनवरचं कीर्तन तिनं एकदा ऐकलं होतं. महाराज नामात रंगले, टाळकऱ्यांचे पाय उचलले, आणि ते यंत्र आपलं त्याच चालीनं ठोकत राहिलं. त्याला कोण सांगणार, आता देव जवळ आलाय म्हणून!

तिनं उरलेली भुकटी बोटांवर चोळली. बोटं बुळबुळीत झाली.

"अहो, हा कीस कुठचा?"

"आपल्या लेथखालचा. तुले बारीक पाह्यजे होता ना?" अतुल म्हणाला. वर्कशॉपातून बायकोसाठी त्यानं तो मोठ्या प्रेमानं चाळून आणला होता.

"तेल आहे ना त्यात! भात धरन कसा?"

अतुलनं कपाळाला हात लावला. "मंग एपॉक्सीचा गोंद लावू. जन्मात निघत नाही."

"निघत नाही, आन् बोलतही नाही. भातच पाह्यजे."

तिनं कीस रिठ्याच्या पाण्यात पुन्हा पुन्हा धुतला, तव्यावर काळा होईस्तोवर भाजला, खलात कुटून मलमलीतून गाळला. भाताचा पार लगदा केला. मग उन्हात बसून थर लावायचा, गुळगुळीत गोट्यानं घोटायचा, सुकू द्यायचा, पुन्हा थर. खांदा भरून आला; तोंडातलं नाम काही थांबलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी गोलावर बारीक भेगा उमटल्या.

"गेली वं! आता तडकली!" अतुल ओरडला.

"तडकायलेच पाह्यजे. भात लोखंडाले धरून ठेवते, भेगा चामड्याले हलू देतात. फरशीसारखी बसली तर सूर कुठून येईन?"

सांजेला जयानं मृदंग मंदिरात नेला; नागोराव आले. जयानं एकच थाप दिली. सूर उठला आणि गाभाऱ्यापर्यंत जाऊन हळूहळू विरला. नागोरावांनी मोबाइल काढला. "राहू दे रे संजय, मशीन नको आणू."

कीर्तनात महाराजांनी गजर उचलला आणि मृदंगाकडे पाहून हात उंचावला. जयानं लय चढवली. ऐन भरात गोलाच्या कडेचा एक कण उडाला. तिनं तो पाहिला, तुटल्या कडेवरून बोट जरासं आत घेतलं आणि वाजवत राहिली.