माया पेटीतली राणी

आमच्या ह्याईच्या तोंडी सदानकदा एकच नाव, वहिनी. मोटर बिघडली, वहिनीले विचारू. झाडं पिवळी पडली, वहिनीले विचारू. संत्र्याच्या बगीच्यात मधमाशा ठेवल्या तं फळ जास्त धरते, हेही वहिनीनंच सांगितलं. दसरा झाल्यावर पेट्या घ्यायले सौंसरले निघालो तं म्हणतात, "आपली पेटीही वहिनीच निवडन. तिनं ट्रेनिंग केलं आहे."

अन् मी काय बुजगावणं आहे? आमच्या रामाकोन्यापासून सौंसरपर्यंत ह्याईकडं पाठ करून बसली मी.

पेट्यावाल्यानं झाकणं काढली. ह्याईची वहिनी, म्हणजे आमची जाऊ सुचिताबाई, पोळ्याची एकेक फ्रेम उन्हात धरून बारीक पाहे. एका हलक्या पेटीवर हात ठेवून म्हणे, "रजनी, हे घे. ताजी अंडी आहेत, राणी जोमात आहे."

मी शेजारची उचलून पाह्यली. मधानं जड, माशांचा नुसता कल्ला. म्हटलं, वा गं बाई! भारी माल सोताले अन् हलका मले?

"मी हेच घेईन."

"तिच्यात अंडं दिसत नाई वं. राणी मेली असन."

"मी हात लावला का लगेच राणी मरते काय?"

ह्याईनं कपाळाले हात लावला, पण घेतली.

बगीच्यात ठेवली अन् माशा कमीच होत गेल्या. नवी एक निघेना. ह्याईले कळलं असतं तं जन्मभर ऐकवलं असतं, वहिनी सांगत होती न!

एक दिवस हे पांढुर्ण्याले गेले, अन् जाऊबाई दोन बगीच्यांमधला धुरा ओलांडून आली. टोमणा नाई, काई नाई. आपल्या पेटीतली अंड्याची फ्रेम काढली, माशा झटकल्या अन् माया पेटीत ठेवली. "ह्यातून तुया माशा नवी राणी तयार करतीन," म्हणे, अन् गेली.

संत्र्याले फूल आलं तवा माई पेटी गच्च भरली होती. ह्याईनं झाकण उघडलं अन् ओरडलेच, "वहिनी, या पाहाले! रजनीची निवड तं तुमच्यापेक्षा सरस निघाली!"

लग्न झाल्यापासून पहिल्यांदा माई तारीफ. मी जाऊबाईच्या तोंडाकडं पाहून राह्यली.

"हो न," ती म्हणे, "तिले समजते त्यातलं." अन् हसत आपल्या बगीच्यात गेली.

असा जीव जळला माया! पेटीतली एकूणएक माशी तिच्याच राणीची नात. तिनं सांगून टाकलं असतं तं कडाकडा भांडली तरी असती मी. भांडायलेही तिनं काई ठेवलं नाई.