झुंबरबाईच्या बरगडीआडून

मी एक जुनं यकृत आहे, मित्रांनो. सोनईजवळच्या एका वस्तीवर झुंबरबाई नावाच्या बाईच्या उजव्या बरगडीआड मी तिच्या जन्मापासून राहतो. माझी गोष्ट खाली मान घालून सांगायची आहे. मला मान नाही, एवढंच.

एके काळी माझं काम चोख होतं. झुंबरबाई दिवसभर कांदा काढायची, शिळी भाकर ठेच्यासंगं खायची, आणि त्यातलं वाईट ते मी गाळायचो, कामाचं ते साठवायचो. आतड्यातून येणारं सगळं आधी माझ्याकडे येतं. प्रत्येक परक्या कणावर शरीराच्या पहारेकरी पेशी धावून गेल्या, तर रोजचं जेवण म्हणजे मारामारी होईल. म्हणून मी त्यांना सबुरी शिकवली. असू द्या, भाकरीच आहे, असं सांगत आलो. या समजूतदारपणाचा मला फार अभिमान होता.

त्याच सबुरीचा फायदा घेऊन रक्तातून पसरणाऱ्या काविळीचा एक विषाणू तिच्या लहानपणीच माझ्यात घुसला आणि ठाण मांडून बसला. लग्नानंतर तिचे डोळे पिवळे झाले, तेव्हा सासरच्यांनी तिच्या डोक्यावर काविळीची माळ ठेवली. काड्यांची ती माळ लांबत लांबत पायापर्यंत उतरली की आजारही उतरला, असं आमच्याकडे धरतात. माळ उतरली, डोळेही निवळले. विषाणू मात्र जागचा हलला नाही. रक्त तपासायचं कोणाला सुचलं नाही, आणि पुढे तिची लेक आरती जन्मली.

माझ्या प्रत्येक पेशीत जनुकांची एकच मोठी पोथी असते. कोणतं पान उघडं ठेवायचं आणि कोणतं मिटायचं, हे तिच्यावरच्या बारीक खुणा ठरवतात. वर्षानुवर्षांच्या सुजेनं काही अक्षरं बिघडली आणि खुणा तर पार विस्कटल्या. काही पेशी बेबंद वाढू लागल्या. त्यांनी लबाडीनं नेमकी तीच पानं मिटली, ज्यांच्यामुळे पहारेकऱ्यांना चोर ओळखू येतो. मदतीला हाक मारायचं पानही मिटलं. तरी जे पहारेकरी पोचले, ते लढून लढून थकले आणि त्यांच्याही पोथीतली लढाईची पानं मिटत गेली. माझ्याच अंगणात कर्करोगाची गाठ वाढली आणि मी हूं की चूं केलं नाही. मला दुखणं सहसा कळवताच येत नाही. ही सबब खरी आहे, पण तिनं माझी लाज कमी होत नाही.

यंदा उन्हाळ्यात निदान झालं. झुंबरबाईला मरणापेक्षा लोकांची भीती जास्त वाटली. आमच्या भागात लिव्हर बिघडलं म्हणजे माणूस पीत असणार, हे ठरलेलंच. जिनं बाटलीला कधी हात लावला नाही, ती सगळ्यांना सांगू लागली, "मनका सरकलाय, नगरला दाखवायला जाती." आरती तेव्हा पोटुशी होती. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. पण लेक घरी आली तर तिला सगळं कळेल, म्हणून आईनं फोनवर सांगून टाकलं, "माझी पाठ धरलीया. तुझ्या सासूकडंच हुऊ दे." आरतीनं फोन ठेवला. झुंबरबाई चुलीपुढे बसून ढसाढसा रडली.

नगरच्या दवाखान्यात सलाईनमधून पहारेकऱ्यांना पुन्हा जागं करणारं औषध सुरू झालं. एका खेपेला तिला समोरच्या बाकावर ओढणीनं तोंड बांधलेली एक गरोदर बाई दिसली. आईला ओळख पटायला चेहरा लागला नाही.

"आरते? तू हितं?"

"आई! तू तर मनक्याला..."

दोघींनी हातातले रिपोर्ट पाठीमागे लपवले. मग आरतीलाच रडू फुटलं. "माझ्या रक्तात काविळीचा विषानू निघालाय. मॅडम म्हनत्यात, बाळ जन्मल्याबरुबर त्याला लस आन इंजेक्शन दिलंच पायजे. पन सासूबाईंना कळलं तर म्हनतील, रोगी पोरगी गळ्यात बांधली. रिपोर्ट न दाखवता दुसऱ्या दवाखान्यात बाळंत हुईन म्हनते."

"आन लेकराचं काय?"

आरतीनं पोटावर हात ठेवला.

"ह्यो रोग माझ्याकडनंच आलाय तुला," झुंबरबाई म्हणाली. "मला मनक्याचं काय बी न्हाई. लिव्हरचा कॅन्सर हाय."

तेव्हा कुठे तोंड लपवू असं मला झालं. आईनं लेकीला रूप दिलं, दूध दिलं. मी रोग दिला.

झुंबरबाईनं तिथूनच केडगावच्या विहिणीला, साळूबाईला, फोन लावला आणि सगळं सांगितलं. मोठ्यानं सांगितलं. बाकावरची माणसं वळून बघू लागली तरी ती थांबली नाही.

"विहीणबाई," साळूबाई म्हणाली, "तुमाला लेकीचं बाळंतपन जड झालं, असं मी चार बायांत बोलून बसले. माझं मलाच तोंड दाखवू वाटंना. लस कवा द्यायची तेवढं इचारून ठेवा. आमी समदे बी रगत तपासतो."

बाळ झालं. त्याच दिवशी त्याला लस मिळाली, इंजेक्शनही मिळालं. माझी गाठ थोडी आकसली आहे. पुढचं मला ठाऊक नाही. मिटलेली पानं पुन्हा उघडणारी औषधं शास्त्रज्ञ शोधत आहेत, म्हणतात. मित्रांनो, तुमच्या घरात कोणाला अशी कावीळ होऊन गेली असेल तर नुसत्या माळेवर विसंबू नका. सगळ्यांचं रक्त तपासा, लस घ्या. आणि आजारी माणसाला लपायला लावेल असं काही बोलू नका.

परवा झुंबरबाईनं नातवाला पहिल्यांदा उराशी धरलं. त्याचं नवंकोरं यकृत माझ्यापासून वीतभर अंतरावर होतं. त्याच्याकडे बघायचं मला धाडस झालं नाही.