मुलाखतीपुरती आत्या

सकाळी नऊला भावाच्या दिवाणखान्यात खिळा ठोकणं चाललं होतं. एका वाहिनीवर जुन्या अभिनेत्रींच्या आठवणींचा कार्यक्रम सुरू झाला होता आणि आज त्याच्या थोरल्या बहिणीची मुलाखत होती. भिंतीवर लावायला तिचा फोटो वाहिनीकडूनच मागवावा लागला. घरात एकही नव्हता.

वडील गेले तेव्हा ती सोळा वर्षांची होती. तिने तोंडाला रंग लावला म्हणून भाऊ शिकला, साहेब झाला. तीस चित्रपट, मग छोट्या पडद्यावर अकरा वर्षं आईची भूमिका. परकी माणसं तिला रस्त्यात थांबवून आई म्हणत. पण भावाच्या लग्नाची बोलणी सुरू झाली तेव्हाच ‘सिनेमातली बाई’ घराण्याला डाग ठरली. तिला वेगळं राहायला सांगितलं. पुढे पुतणीच्या लग्नाचंही तिला बोलावणं आलं नाही.

आज मात्र गाडी पाठवून आणलं.

“वन्सं, चहात साखर किती?” भावजयीने विचारलं.

“विचारावं लागतंय, नाही का?”

दिवे लागले. मुलाखत घेणारी तरुणी म्हणाली, “घरच्यांचा पाठिंबा होता?”

भावाने घाईघाईने तोंड घातलं, “होता म्हणजे काय! आम्हाला ताईचा केवढा अभिमान!”

तिने कप खाली ठेवला आणि त्या तरुणीकडे पाहिलं. “बाळ, हे घर बांधून बावीस वर्षं झाली. ही खोली मी आज पहिल्यांदा पाहतेय.”

भाऊ हसला, “ताईला थट्टेची भारी हौस!”

रविवारी कार्यक्रम दाखवला, तेव्हा तिचं ते वाक्य कापलेलं होतं. भावाचा अभिमान तेवढा शिल्लक होता.

दुसऱ्या दिवशी पुतणी आपल्या सतरा वर्षांच्या लेकीला घेऊन आत्याच्या खोलीवर आली. मुलीला अभिनयाच्या शाळेत जागा मिळाली होती आणि आजोबांनी प्रवेशाचा अर्ज फाडून टाकला होता. ‘आपल्या घरातल्या मुली असलं करत नाहीत,’ म्हणाले होते.

“आत्या, माझ्या लग्नात तुम्ही नव्हता. का नाही, असं मी कुणाला विचारलंही नाही,” पुतणीला रडू फुटलं.

“पुरे. रडायचं काम मी पुष्कळ केलंय. तू त्यात कच्ची आहेस.” मग ती मुलीकडे वळली. “काम मिळेल, टाळ्याही मिळतील. घर मिळेल का, ते तुझ्या आईला विचार.”

पुतणीने डोळे पुसले. पिशवीतून दुसरा कोरा अर्ज काढला आणि पालकाच्या जागी सही केली.

“मिळेल,” ती लेकीला म्हणाली. “बाबा माझ्याशी बोलायचे थांबले तरी मिळेल.”

आत्याने त्या सहीवरून बोट फिरवलं.

“एवढंच लागत होतं गं,” ती म्हणाली. “एवढंच.”